येरवड्यातले उपवास आणि चिमूटभर सोडा

१९३२ साली येरवड्याच्या तुरुंगात एक विनोद बराच काळ चालला होता. गांधीजी, वल्लभभाई पटेल आणि महादेवभाई देसाई एकाच आवारात स्थानबद्ध होते. वल्लभभाई लिंबू पिळून देत, खजूर निवडून देत, टाकाऊ कागदांची पाकिटे करत आणि पंचावन्नी उलटल्यावर पंडित सातवळेकरांच्या पुस्तकांवरून संस्कृत गिरवत. गांधीजींचा खाण्याच्या सोड्यावर भारी भरवसा. लिंबू-मधाच्या पाण्यातही तो पडे. वल्लभभाईंना याची इतकी मौज वाटे की पुढे कुठलीही अडचण निघाली, मग ती स्वयंपाकाची असो की राजकारणाची, तीत सोडा टाकून पाहावा असा सल्ला ते गंभीर चेहऱ्याने देत. महादेवभाईंनी ही थट्टा रोजनिशीत टिपून ठेवली.

त्याच वर्षी हा सोडा लंडनपर्यंत पोहोचला. १७ ऑगस्टला पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांचा जातीय निवाडा जाहीर झाला आणि दुसऱ्या दिवशी गांधीजींनी त्यांना पत्र लिहिले. अस्पृश्यांसाठीचे स्वतंत्र मतदारसंघ रद्द झाले नाहीत, तर २० सप्टेंबरच्या दुपारपासून आपण प्राणांतिक उपोषण करू आणि फक्त पाणी घेऊ, त्यात मीठ आणि सोडा असेल किंवा नसेल, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. साम्राज्याच्या पंतप्रधानाला दिलेल्या निर्वाणीच्या इशाऱ्यात स्वयंपाकघरातल्या सोड्याचा उल्लेख यावा, ही तशी विरळाच गोष्ट.

पुण्याच्या तेव्हाच्या वेशीबाहेर, मुळा-मुठेच्या पलीकडे उभा असलेला हा तुरुंग १८७१ सालचा. गांधीजी इथे प्रथम १९२२ मध्ये आले आणि १९२४ साली आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतर सुटले. १९३० मध्ये दांडीनंतर पुन्हा आले. तेव्हा त्यांनी आश्रमाला धाडलेली साप्ताहिक पत्रे ‘येरवडा मंदिर’ या पत्त्यानेच ओळखली गेली, आणि पेटीत मिटणाऱ्या चरख्यालाही ‘येरवडा चक्र’ हेच नाव पडले. पण या जागेचा खरा इतिहास उपवासांचा आहे. सप्टेंबर १९३२ चे प्राणांतिक उपोषण. त्याच डिसेंबरात रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांना भंगीकाम करू द्यावे यासाठी केलेला छोटा उपवास. ८ मे १९३३ ला तुरुंगात सुरू होऊन, त्याच संध्याकाळी सुटका झाल्यामुळे, जवळच्या टेकडीवर लेडी ठाकरसींच्या ‘पर्णकुटी’त पूर्ण झालेला एकवीस दिवसांचा उपवास. ऑगस्ट १९३३ मधला आणखी एक. आणि शेवटी, नगर रस्त्यावरच्या आगाखान पॅलेसमधला, फेब्रुवारी १९४३ चा.

या उपवासांवर राजकीय अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. सप्टेंबर १९३२ मध्ये तुरुंगातल्या आंब्याच्या झाडाखाली ठेवलेल्या खाटेभोवती ज्या वाटाघाटी झाल्या, त्यांत डॉ. आंबेडकरांवर केवढे दडपण होते हे त्यांनी स्वतःच पुढे परखडपणे मांडले. २४ सप्टेंबरला करार झाला. निवाड्यातल्या ७१ राखीव जागांच्या ऐवजी प्रांतिक विधिमंडळांत १४८ जागा आल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेले. त्या सौद्याचा हिशेब आजही मिटलेला नाही. मात्र त्या पाच-सहा दिवसांत खाटेवरच्या बासष्ट वर्षांच्या शरीरात आणखी एक हिशेब चालू होता. तो होता आम्लांचा आणि आम्लारींचा. सोड्याचा संबंध त्याच्याशी होता.

माणसाने खाणे थांबवले की यकृतातली साठवलेली साखर साधारण दिवसभरात संपत येते. मग शरीर चरबी मोडायला घेते. यकृत चरबीतल्या लांब आम्लांचे तुकडे करून त्यांपासून चार कार्बनी सांगाड्याचे दोन छोटे पदार्थ बनवते आणि रक्तात सोडते: बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरिक आम्ल आणि ॲसिटोॲसिटिक आम्ल. त्यांच्याबरोबर थोडा ॲसिटोनही असतो. उपाशी माणसाच्या श्वासाला येणारा गोडसर, पिकल्या फळासारखा वास तो याचा. तिघांना मिळून कीटोन पदार्थ म्हणतात. खरे तर पहिला कीटोन नाहीच आणि तिसरा आम्ल नाही. पण वैद्यकात नावे एकदा रूढ झाली की हलत नाहीत.

आता यांतल्या दोन आम्लांचा तिसरा नातलग पाहावा: खवट लोण्यात असते ते ब्युटिरिक आम्ल. चार कार्बनची साखळी तीच, टोकाचा कार्बोक्झिल गट तोच. टोकापासून तिसऱ्या कार्बनवर काहीच जोडलेले नसेल तर ते ब्युटिरिक. तिथे ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट असेल तर बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरिक. तिथेच दुहेरी बंधाने नुसता ऑक्सिजन असेल तर ॲसिटोॲसिटिक. रसायनशास्त्रज्ञ आम्लाचा जोर पीकेए नावाच्या आकड्यात मोजतात. हा आकडा जितका लहान तितके आम्ल जोरकस, आणि एका अंकाचा फरक म्हणजे दहापट. ब्युटिरिकचा आकडा ४.८२. हायड्रॉक्सी आम्लाचा, मोजण्याच्या परिस्थितीनुसार, ४.४ ते ४.७. ॲसिटोॲसिटिकचा ३.६ च्या आसपास. एका जागेचा बदल झाला आणि आम्लाचा जोर पंधरापटीहून अधिक वाढला.

असे का व्हावे, याचे उत्तर आम्लाने प्रोटॉन सोडून दिल्यावर मागे काय उरते यात आहे. मागे उरतो ऋणभार. तो ज्या रेणूला सोसवतो तो रेणू प्रोटॉन सहज सोडतो; ज्याला सोसवत नाही तो धरून ठेवतो. दारूतले एथेनॉल आणि व्हिनेगरमधले ॲसिटिक आम्ल या दोघांतही ऑक्सिजनला चिकटलेला हायड्रोजन आहे. तरी एथेनॉलचा पीकेए १६ च्या घरात आणि ॲसिटिकचा ४.७६; म्हणजे दहा हजार कोटी पटींपेक्षा जास्त फरक. एथेनॉलमध्ये सगळा ऋणभार एकाच ऑक्सिजनच्या डोक्यावर पडतो. कार्बोक्झिल गटात दोन ऑक्सिजन तो भारा वाटून घेतात. जवळपास इलेक्ट्रॉन ओढून घेणारा आणखी एखादा अणू असेल तर ओझे आणखी हलके होते. ॲसिटोॲसिटिक आम्लातला दुहेरी बंधाचा ऑक्सिजन नेमके हेच करतो. हायड्रॉक्सी गटही ओढतो, पण कमी.

हे ज्ञान प्रयोगशाळेत हळूहळू जमले. लाइप्झिगमध्ये विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी १८८९ च्या सुमाराला सेंद्रिय आम्लांच्या द्रावणांतून वीज किती वाहते हे मोजून त्यांचा जोर ठरवला. ॲसिटिक आम्लातल्या एका हायड्रोजनच्या जागी क्लोरीन बसवला की पीकेए ४.७६ वरून २.८६ वर येतो आणि आम्ल सुमारे ऐंशीपट जोरकस होते. तीन क्लोरीन बसवले की आकडा ०.७ च्या आसपास उतरतो. क्लोरीन जितका दूर, तितका परिणाम फिका: ब्युटिरिक आम्लात तो कार्बोक्झिलला लागून असला तर २.८६, एक घर पुढे ४.०५, दोन घरे पुढे ४.५२. आकडे हातात होते, पण त्यांचे कारण सांगायला इलेक्ट्रॉनचा सिद्धांत यावा लागला. ब्रॉनस्टेड आणि लौरी यांनी १९२३ मध्ये आम्ल म्हणजे प्रोटॉन देणारा आणि आम्लारी म्हणजे प्रोटॉन घेणारा अशी व्याख्या केली. लंडनमध्ये इनगोल्ड आणि अमेरिकेत पॉलिंग इलेक्ट्रॉनच्या ओढाताणीचा आणि वाटणीचा हिशेब मांडत होते, ती वर्षे येरवड्यातल्या उपवासांचीच. १९३७ मध्ये हॅमेट यांनी बेन्झोइक आम्लावर वेगवेगळे गट बसवून त्यांच्या ओढीला थेट आकडेच देऊन टाकले.

लिंबाचीही कथा याच काळातली. गांधीजींच्या पेल्यात पिळलेल्या लिंबात मुख्य आम्ल सायट्रिक. त्याच्या मधल्या कार्बनवर हायड्रॉक्सी गट आहे आणि दोन्ही बाजूंना आणखी दोन कार्बोक्झिल. शेजाऱ्यांच्या ओढीमुळे पहिला प्रोटॉन ३.१३ वर सुटतो. पण रेणू ऋणभारित झाला की पुढचा सोडणे जड जाते, म्हणून दुसरा ४.७६ आणि तिसरा ६.४० वर. चिंचेतल्या टार्टरिक आम्लाचेही तसेच: दोन हायड्रॉक्सी गटांमुळे त्याचा पहिला आकडा तीनपर्यंत खाली येतो, आणि चिंचेची जीभ झोंबवणारी आंबटाई काही अंशी त्याचीच. लिंबात आणखी एक आम्ल असते, आणि ते क जीवनसत्त्व आहे हे १९३२ सालीच सेंट-ग्यॉर्गी आणि किंग यांच्या कामातून सिद्ध झाले. हॅवर्थ यांनी त्याची रचना १९३३ मध्ये उलगडली तेव्हा चमत्कारिक गोष्ट समोर आली. या ॲस्कॉर्बिक आम्लात कार्बोक्झिल गटच नाही! तरी त्याचा पीकेए ४.१ च्या आसपास, व्हिनेगरच्या आम्लापेक्षा जोरकस. एका दुहेरी बंधावरचा हायड्रॉक्सी गट प्रोटॉन सोडतो आणि ऋणभार शेजारच्या कार्बोनिलपर्यंत पसरतो, हे त्याचे गुपित. वल्लभभाईंच्या थट्टेला अजाणता एक वैद्यकीय आधारही होता: सोड्याच्या अल्कधर्मी पाण्यात हे जीवनसत्त्व हवेने लवकर नासते.

सोडा स्वतः कोण? रसायनाच्या भाषेत सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे दुबळी आम्लारी. पाण्यात त्याचा सामू (पीएच) ८.३ च्या आसपास राहतो. त्यातला शेवटचा प्रोटॉनही निघाला की होतो कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा. कार्बोनेटवर दोन ऋणभार असल्याने तो प्रोटॉनसाठी फार आसुसलेला असतो आणि साध्या द्रावणातही सामू ११ च्या पुढे नेतो. एका प्रोटॉनच्या फरकाने एक पोटात जातो आणि दुसरा फक्त कपड्यांना चालतो. महाराष्ट्राला ही जोडी जुनीच ठाऊक. बुलढाण्यातल्या लोणार सरोवराच्या पाण्यात दोन्ही मिसळलेले असतात. ‘ऐन-ए-अकबरी’त काच आणि साबणासाठी लागणाऱ्या तिथल्या खाराची नोंद आहे, आणि हा खार काढण्याचा धंदा पुढेही बराच काळ चालला.

तुरुंगातला सोडा मात्र बहुधा लोणारचा नसावा. त्या काळी देशात लागणारा सोडा बहुतांश बाहेरून येई आणि त्या व्यापारात १९२६ साली स्थापन झालेल्या इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीजचा मोठा वाटा होता. सोल्व्हे पद्धतीने सोडा बनवायला चुनखडी, अमोनिया आणि मीठ लागते. मिठासाठी दांडीपर्यंत चालत गेलेल्या माणसाच्या पेल्यात मिठापासूनच बनलेला, बहुधा परदेशी सोडा पडत होता. मिठापूरला टाटा केमिकल्स उभी राहिली ती १९३९ मध्ये.

पेल्यातला सोडा रक्तात जाऊन काय करतो? रक्ताचा सामू ७.४ च्या आसपास. या सामूला दोन्ही कीटोन आम्ले जवळजवळ पूर्ण विचरित होतात. शंभरातले नव्याण्णवहून अधिक रेणू प्रोटॉन सोडून बसलेले असतात. त्यामुळे इतका वेळ जोखलेला त्यांच्या जोरातला फरक रक्तात जवळजवळ निरुपयोगी ठरतो. एक रेणू एक प्रोटॉन देतो आणि रक्तातला एक बायकार्बोनेट खर्ची पडतो. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड फुप्फुसांतून बाहेर जातो. उपवास लांबला की ही गंगाजळी आटत जाते, आणि बाहेरून घेतलेला सोडा तिच्यात थोडी भर घालतो.

फरक उघडा पडतो तो मूत्रपिंडात. लघवीचा सामू पाचपर्यंत उतरला की हायड्रॉक्सी आम्लाचा पाचवा ते तिसरा हिस्सा प्रोटॉन परत उचलतो आणि आपले आम्ल आपल्याबरोबर बाहेर नेतो. ॲसिटोॲसिटिक आम्ल जास्त जोरकस, म्हणून तिथेही शंभरातले चारच रेणू प्रोटॉन घेतात. उरलेल्यांसाठी शरीराला सोडियम तरी द्यावे लागते, नाही तर अमोनिया बनवावा लागतो. उपवासाच्या सुरुवातीच्या दिवसांत लघवीवाटे सोडियम भराभर जाते. पेल्यातले मीठ आणि सोडा दोन्ही ही तूट भरतात. गांधीजींनी हे सगळे हिशेब करून ठरवले असेल असे नाही, ते अनुभवातून आणि निसर्गोपचाराच्या वाचनातून आले होते. बॉस्टनमध्ये मात्र १९१२ साली फ्रान्सिस बेनेडिक्ट यांनी एका माणसाला फक्त ऊर्ध्वपातित पाण्यावर ३१ दिवस उपाशी ठेवून हेच मोजले होते. त्या माणसाला ना मीठ मिळाले, ना सोडा.

डॉक्टरांच्या हातातल्या चाचणीलाही रेणुरचनेची मर्यादा होती. लघवीतले कीटोन ओळखण्यासाठी त्या काळी नायट्रोप्रुसाइडची चाचणी सर्रास वापरत. जांभळा रंग देतो तो कीटोनच्या कार्बोनिलशेजारचा भाग. हायड्रॉक्सी आम्लात तो गटच नाही, म्हणून चाचणीला ते दिसतच नाही. लांबलेल्या उपवासात रक्तात हेच आम्ल सर्वाधिक असते. सर्वांत जास्त भरलेल्या आम्लावर चाचणी आंधळी, हा वैद्यकातला एक छोटा पण महत्त्वाचा विरोधाभास.

मूत्रपिंडात कामी येणाऱ्या अमोनियाची उलट बाजू १९४३ मध्ये आगाखान पॅलेसात दिसली. तोवर महादेवभाई याच वास्तूत, १५ ऑगस्ट १९४२ ला, गेले होते. १० फेब्रुवारी १९४३ ला ७३ वर्षांच्या गांधीजींनी एकवीस दिवसांचा उपवास सुरू केला. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना त्यांनी आधीच कळवले होते की आता शरीर नुसते पाणी स्वीकारत नाही, म्हणून या वेळी पाणी पिण्याजोगे व्हावे यासाठी लिंबूवर्गीय फळांचा रस घालू. १९३२ चा उपवास प्राणांतिक होता, हा शक्तीनुसार होता, आणि पेल्यातला फरक या उद्देशाशी जुळणारा होता. देखरेखीला डॉ. बिधानचंद्र रॉय, सुशीला नय्यर, सरकारी सर्जन जनरल कँडी आणि डॉ. गिल्डर होते. हेच गिल्डर सप्टेंबर १९३२ मध्ये मुंबईहून येरवड्यात तपासायला आले होते. पुढे १९३९ मध्ये मंत्री म्हणून मुंबईत त्यांनी दारूबंदी आणली आणि आता ते स्वतः कैदी होते. बातमीपत्रांत युरेमियाचा, म्हणजे रक्तात युरिया साठत असल्याचा उल्लेख येऊ लागला.

युरिया म्हणजे स्नायूंतली प्रथिने मोडल्यावर निघणारा नायट्रोजन. तोच नायट्रोजन अमोनियाच्या रूपात रक्तात राहिला असता तर मेंदूला घातक ठरला असता. यकृत दोन अमिनो गट एका कार्बोनिलला जोडते आणि तो कार्बोनिल नायट्रोजनवरची मोकळी इलेक्ट्रॉनजोडी आपल्याकडे खेचून घेतो. प्रोटॉन पकडायला ती जोडी उरतच नाही. अमोनियाच्या तुलनेत युरिया सुमारे शंभर कोटी पटींनी दुबळी आम्लारी आहे. रक्तात कितीही साठला तरी सामू हलवत नाही. ढासळणाऱ्या मूत्रपिंडाचे लक्षण म्हणून मात्र तो मोजता येतो.

२१ फेब्रुवारीला प्रकृती कोसळली. पाणी पोटात ठरेना, तेव्हा पाण्यात थोडा मोसंबीचा रस घालून तो त्यांना देण्यात आला आणि ते सावरले. जगात याचे अनेक अर्थ लावले गेले. उपवास मोडला असेही काही जण म्हणाले. रसायनाचा अर्थ साधा आहे. रसातली थोडी साखरही यकृताला कीटोन आम्ले बनवणे कमी करायला सांगते. आणि रसातले सायट्रेट, जे पेल्यात आम्ल असते, ते पेशींत जळून जाते आणि मागे बायकार्बोनेट ठेवते. पेशींतल्या ज्या चक्रात ते जळते ते हान्स क्रेब्स यांनी १९३७ मध्येच, म्हणजे येरवड्याच्या दोन मोठ्या उपवासांच्या मधोमध, शोधून काढले होते. ३ मार्चला उपवास संत्र्याच्या पातळ रसाने सुटला.

डॉक्टरांना तेव्हा कीटोन आम्ले म्हणजे मुख्यतः विषबाधेची खूण वाटत. १९६७ मध्ये बॉस्टनमध्ये ऑलिव्हर ओवेन आणि जॉर्ज काहिल यांनी अनेक आठवडे उपाशी राहिलेल्या स्वयंसेवकांच्या मेंदूत जाणारे आणि मेंदूतून बाहेर येणारे रक्त तपासले. साखर संपत आली की मेंदू आपल्या इंधनाचा मोठा हिस्सा याच आम्लांतून घेतो, असे त्यात दिसले. त्यात सर्वांत मोठा वाटा बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरिकचा होता, आणि येरवड्याच्या काळातल्या चाचणीला नेमके तेच दिसत नव्हते.